पालमचा निळा ठिपका

मित्रांनो, मी भारताचा एक जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी असलेला. गंगाखेडजवळच्या पालमच्या शाळेत तीस वर्षं लटकलो. पोरांच्या बोटांनी माझ्यावरची दिल्ली तर पार पुसून गेली! पुढं शाळेत टीव्ही आला आणि मी सतरंज्यांखाली गेलो. नागसेन गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा त्यांनीच मला झटकून घरी नेलं आणि बैठकीत टांगलं. माझ्यावर पालम छापलेलंच नव्हतं, म्हणून त्यांनी निळ्या शाईनं ठिपका दिला. त्या ठिपक्याचा मला केवढा तोरा!

मग गुरुजींना एक नाद लागला. गल्लीतलं कुणी विमानानं निघालं की घरचे विचारायला येत, "गुरुजी, आमचं पोरगं दिल्लीहून यायलाय. किती टाइम लागतो?" गुरुजी दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर आणि दुसरं आपल्या ठिपक्यावर धरत, पट्टीनं मोजत आणि किलोमीटर, तास, मिनिटं सांगत. लोक माना डोलवत, चहा पिऊन जात. पालमला विमानतळ नाही, हे मला का ठाऊक नव्हतं? पण कौतुक मलाही गोड लागायचं. शिवाय घड्याळ लावून कोण बसतंय!

गेल्या मे महिन्यात शेजारच्या बायनाबाई सकाळीच वारल्या. त्यांची लेक निकिता गुवाहाटीला नर्स. फोनवर तिनं हंबरडाच फोडला, "दादा, बाराचं विमान भेटलंय. मला मायचं तोंड बघू द्या, थांबा!" तिचा भाऊ गोपाळ धावतच गुरुजींकडं आला.

"गुरुजी, ऊन लय हाय. मायला ठेवायला गंगाखेडहून थंड पेटी मागवू का?"

गुरुजींनी सवयीनं दोरा ताणला. "सतराशे किलोमीटर. तीन-सव्वातीन तास. साडेतीनला पोरगी दारात. पेटी कशाला, लेका?"

गोपाळनं पेटीवाल्याला नको म्हणून कळवलं.

पावणेतीनला निकिताचा फोन आला. ती हैदराबादला उतरली होती, आणि तिथून पालम गाडीनं सात तास! गोपाळनं पुन्हा गंगाखेडला फोन लावला, तर पेटी दुसऱ्या गावाला गेलेली. घर पत्र्याचं, अंगणात पाय ठेववत नव्हता. जाणत्यांनी पाचपर्यंत धीर धरला आणि मग बायनाबाईंना उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिता गुरुजींकडं आली. भांडली नाही. नुसती माझ्यापुढं उभी राहिली.

"गुरुजी, दोरा कुठं धरला होता?"

गुरुजींनी ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हितं कुठं विमान उतरतंय, गुरुजी?"

"चुकलं माय माझं," म्हणत गुरुजींनी ठिपक्यावरचं बोट काढलं.

"मला तिचे पाय तरी धरायचे होते," एवढंच बोलून ती रडत राहिली.

त्या दिवसापासून मी गुंडाळून कपाटावर पडलोय. माझी तक्रार नाही. दोरा गुरुजींनी धरला, पण इतकी वर्षं मिरवलो तर मीच ना! मित्रांनो, जुने नकाशे जपा, त्यांना वाळवी लागू देऊ नका. पण माणसाची वाट बघताना आमच्यावर विसंबू नका. लेक निघाली असेल तर तिलाच विचारा, "माय, दारात कधी पोचशील?" एवढं साधं त्या सकाळी तिला कुणीच विचारलं नाही.