पानाची खालची बाजू

१. पान उलटून बघतो . . . . २ कडे जा
   पान न उलटताच बोलतो . . . . मोठे साहेब

कीटक ओळखायच्या पुस्तकांत अशी किल्ली असते. दोन ओळी, दोन वाटा. समोरच्या जिवाला जी ओळ लागू पडते तिच्या वाटेनं पुढं जायचं, की चालता चालता आपण त्याच्या नावापाशी येतो. भिंगवाली ही किल्ली माणसांनाही लावायची, आणि कार्यालयातली बहुतेक माणसं तिच्या लेखी पहिल्याच पायरीवर घसरत. दुसरीपर्यंत पोचलेलं तिला अजून कोणी भेटलं नव्हतं. ती सोडून.

भिंगवाली हे तिचं पाठीमागचं नाव. तोंडावर सगळे तिला बाई म्हणत. तिचा विषय पांढरी माशी. खरं तर ही माशी नव्हेच, मावा आणि तुडतुड्यांच्या गोतातली. पण हे सांगायला लागलं की ऐकणारा घड्याळाकडे बघायला लागतो, म्हणून तिनं सांगणं सोडलं होतं आणि ऐकणाऱ्याला तुच्छ लेखणं तेवढं चालू ठेवलं होतं.

लोकांना उडते ती माशी दिसते. फांदी हलवली की पांढरा भुरका उठतो, आणि मग बघणारा स्वतःला जाणकार समजतो. पण उडणाऱ्या सगळ्या सारख्याच, पीठ उडाल्यासारख्या. जात कळते ती पानाच्या खालच्या बाजूला. माशी कोशातून निघून जाते, आणि मागे टाचणीच्या डोक्याहून बारीक, काचेसारखं टरफल पानाला चिकटून राहतं. ते सोडवायचं, उकळायचं, काचपट्टीवर ठेवायचं आणि भिंगाखाली डोळे फोडायचे. टरफल सापडलं तर ते झाड माशीचं घर. नाही सापडलं तर माशी तिथं नुसती टेकली होती. एवढी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट कळायला पान उलटावं लागतं, आणि पान उलटायला खुर्चीतून उठावं लागतं.

*

त्या वर्षी एक नवी पांढरी माशी मुलखात शिरली होती. रोपवाटिकांतली रोपं पिवळी पडून वाळत होती. कुठली झाडं तिची घरं आहेत ते कार्यालयानं ठरवायचं होतं. यादीत जे नाव येईल, त्या जातीची सगळी रोपं रोपवाटिकांतून उपटून जाळायची, असा वरून हुकूम होता.

त्यासाठी भरलेल्या बैठकीत दोन शोध पुढं आले.

पहिला मोठ्या साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या लावलेला: ही माशी एक नसून दोन आहेत, आणि दोन्ही जगाला अजून माहीत नाहीत. एकीच्या टरफलाच्या पाठीवर केस, दुसरीची पाठ गुळगुळीत. केसाळ जातीला साहेब स्वतःचं नाव देणार होते आणि गुळगुळीत जातीला सासऱ्यांचं. सासऱ्यांना टक्कल होतं का, हे विचारायचं बैठकीत कोणाला सुचलं नाही. भिंगवालीला सुचलं होतं, पण तिच्याकडे त्याहून चांगलं काही होतं.

दुसरा शोध यादीबहाद्दराचा. हे साहेबांचे उजवे हात. टापटीप गृहस्थ, निवृत्तीला आलेले, नेहमी पिवळ्या शर्टात. त्यांनी गावोगाव फिरून फांद्या हलवल्या होत्या. भुरका उठला की झाडाचं नाव यादीत. अशी चाळिसाच्या वर झाडं झाली होती.

भिंगवालीनं आधी साहेबांना घेतलं. तिनं मिरचीच्या पानांवरून गुळगुळीत टरफलांतून निघालेल्या माद्या उचलल्या होत्या आणि जाळीत घालून वांग्याच्या लवदार पानांवर सोडल्या होत्या. त्यांच्या पोटची पोरं केसाळ निघाली. लवेच्या पानावर वाढलं की अंगावर केस येतात, गुळगुळीत पानावर वाढलं की येत नाहीत. माशी एकच, आणि तीही जगाला केव्हाची माहीत असलेली. "साहेब, माणसानं थंडीत स्वेटर घातला म्हणून त्याला कोणी दुसरा माणूस म्हणत नाही," ती म्हणाली. साहेबांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसला.

मग यादी. तिनं एकेक नाव खोडत आणलं. अमक्याच्या पानाला टरफल नाही, तमक्याच्या नाही. मधल्या एका नावाशी ती थांबली आणि ही शोभेची वेल कुठली, असं तिनं यादीबहाद्दरांना अगदी गोड आवाजात विचारलं. पाहुण्यांच्या खोलीतली, त्यांनी सांगितलं. ती वेल प्लॅस्टिकची होती. हे कार्यालयातल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण ती पुसायचं काम कोणाचं यावरून दर महिन्याला भांडण व्हायचं.

"पिवळ्या भिंतीपाशी आहे म्हणून टेकल्या असतील," भिंगवाली म्हणाली. "पिवळं दिसलं की त्या भुलतात. तुमच्या शर्टावरही बसत असतील. शर्ट जाळायचा का?"

चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा हसला. यादीबहाद्दर हसले नाहीत. ते फक्त जास्वंदीच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, की हे खोडताना बाईंनी एकाच रोपवाटिकेतली पानं बघितली ना?

"मी पानं बघितली," ती म्हणाली. "तुम्ही भुरका बघितलात."

जास्वंद खोडली गेली. यादीत वांगं, मिरची आणि आणखी चारदोन नावं उरली. सोमवारी ती वर जायची होती.

*

जास्वंदीची ती पानं ताईनं पाठवली होती.

ताई म्हणजे थोरली बहीण. वडिलांची रोपवाटिका तिनं चालवली, आणि धाकटी शिकायला गेली ती शहाणी होऊनच परतली, असं ताईचं म्हणणं. हाकही तीच: शहाणे. रोपवाटिकेत निम्म्याहून जास्त जास्वंदी होत्या, आणि त्यात एक ताईनं स्वतः जन्माला घातलेली. साईच्या रंगाचं फूल, गळ्याशी वांगी रंगाचा ठिपका. किती वर्षं या फुलाचे पराग त्या फुलाला लावून, शेकडो रोपं टाकून देऊन, तिला ती मिळाली होती. तिची पाच आईझाडं होती. त्यांच्याच काड्या लावून रोपं करायची. जगात दुसरीकडे ती जास्वंद नव्हती.

म्हणून हुकूम कानावर आला तसा ताईनं फोन केला होता. रडली नाही, ताई रडत नसे, टोमणे मारत असे. तुझ्या त्या भिंगातून बहिणीचं घरही दिसतं का जरा बघ, म्हणाली. भिंगवालीनं तिला सुनावलं, की मी काही करत नाही, पान जे सांगेल ते मी लिहिते. खालची जून पानं तोडून पाठव.

पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आली. तिनं सगळी तपासली. एकही टरफल नाही. त्या दिवशी ती भिंगावरून उठली तेव्हा तिला फार बरं वाटलं. हा आपल्या शास्त्राचा आनंद आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि स्वतःचं म्हणणं लगेच मान्य केलं.

*

रविवारी ती बातमी सांगायला गेली. ताई आईझाडांपाशी बसली होती. शेजारी बादली, हातात फडकं. भिंगवालीनं बैठकीची सगळी हकीकत रंगवून सांगितली, सासरे, शर्ट, प्लॅस्टिकची वेल. ताई पोट धरून हसली. हसता हसता तिनं एक पान डाव्या हातावर उलटं घेतलं आणि उजव्या हातानं देठापासून टोकापर्यंत पुसून काढलं. मग दुसरं.

हे काय करतेस, असं भिंगवालीनं विचारलं.

चिकटा येतो ना, ताई म्हणाली. पानं चिकट होतात, मग काजळी धरते. गिऱ्हाईक नाक मुरडतं. रोज पुसावी लागतात.

"मला पाठवलीस ती?"

"ती तर साबणाच्या पाण्यानं पुसली. तुझ्या कार्यालयात जायची होती. तिथं सगळ्यांसमोर तुझी लाज जायला नको म्हणून."

भिंगवाली उठली. झाडाच्या पार आत, फडकं न पोचलेल्या ठिकाणी हात घालून तिनं एक पान तोडलं आणि उलटलं.

शिरेच्या दोन्ही अंगांना टरफलंच टरफलं. भिंगाची गरजच नव्हती.

२. टरफल सापडलं . . . . माशीचं घर
   टरफल सापडलं नाही . . . . ३ कडे जा
३. पान जसंच्या तसं तोडलेलं . . . . घर नाही
   पान पुसलेलं . . . .

ताईनं पाठवलेल्या पानांइतकं स्वच्छ पान झाडाचं नसतंच. धूळ नाही, कोळ्याचा धागा नाही, काही नाही. दुसऱ्या कोणी तसं पान आणून ठेवलं असतं तर तिनं त्याची साता पिढ्यांची अक्कल काढली असती. तिनं पान उलटलं होतं. फक्त तिच्या आधी ते दुसऱ्या कोणी उलटलं होतं.

ताईला सांगावं लागलं नाही. तिनं बहिणीचं तोंड बघितलं, मग पान बघितलं. बराच वेळ फडकं पिळत राहिली.

"यादीतनं नाव गेलंय ना," ती म्हणाली. "मग गेलं. मी सगळी पुसून ठेवते. कोण बघायला येतंय?"

कोणीच नाही. हे भिंगवालीला चांगलं माहीत होतं. पान उलटणारं त्या कार्यालयात एकच माणूस होतं.

*

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि जास्वंद यादीत परत घाला म्हणाली. पानं पुसलेली होती, मला ओळखता आलं नाही, एवढंच सांगितलं. कोणाची पानं, ते साहेबांनी विचारलं. माझ्या बहिणीची, ती म्हणाली. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे प्रेमानं बघितलं.

यादीबहाद्दरांनी नाव लिहिलं. टापटीप अक्षरात, घाई न करता. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"वेलही परत घालू का, बाई? पाहुण्यांच्या खोलीतली. तीही पुसलेलीच असते."

 पान न उलटताही बरोबर निघालेल्या माणसासाठी तिच्या किल्लीत ओळ नव्हती, आणि ती घालायची तर पहिल्या पायरीपासून सगळं नव्यानं लिहावं लागलं असतं.

तिनं एकच मागितलं. जास्वंदीपुढं एक वाक्य हवं: माशी पानावर जगते, पानं नसलेल्या काडीवर तिचं काही नसतं, तेव्हा पानं काढलेल्या, धुतलेल्या काड्या वेगळ्या धराव्यात, जाळू नयेत. साहेबांनी विचारलं, हे शास्त्र की बहीण?

"दोन्ही," ती म्हणाली. "तपासून घ्या. या वेळी मी नको, दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या."

त्याच दुपारी बघायला यादीबहाद्दरच रोपवाटिकेत आले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी गुडघे टेकून भिंग डोळ्याला लावलं, आणि ताईनं नमुन्यादाखल धुऊन ठेवलेल्या काड्या टोकापासून बुडख्यापर्यंत फिरवून फिरवून बघितल्या. इतका वेळ लावला, की भिंगवालीच्या जिभेवर तीनदा काहीतरी आलं आणि तीनदा तिनं ते गिळलं. शेवटी ते उठले, शर्टावर बसलेली एक माशी टिचकीनं उडवली, आणि वाक्य राहू दे म्हणाले.

*

जाळणारी माणसं यायच्या आदल्या दिवशी ताईनं आईझाडं स्वतःच ओरबाडली. फुलं, कळ्या, कोवळी पालवी, काही ठेवलं नाही. खाली पानांचा ढीग झाला, आणि सवयीनं तिचा हात मधेच एखादं पान पुसून मगच ढिगावर टाकत होता. भिंगवाली शेजारी उभी होती. मदत करू का, असं तिनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तू नुसती बघ, तेच तुला जमतं, असं ऐकून घेतलं.

शेवटी ताईनं काड्यांची मोळी बांधली. उघड्या, हिरवट, बोटाएवढ्या काड्या. त्यांतून काय जगेल ते पुढं कळणार होतं. मोळी तिनं बहिणीच्या हातात दिली.

"घे, शहाणे. उलटायला काही ठेवलं नाही."