मिसेस ब्रूसारच्या आईचं फ्रेंच

“मोजे काढून कुठे...” राधिकाने वाक्य गिळलं आणि तेच मुकुलला इंग्रजीत विचारलं. तिचा चार वर्षांचा मुकुल मोजे उचलून आत गेला.

“मध्येच का थांबलीस?” सोफ्यावरून मिसेस ब्रूसारनी विचारलं. परदेशात, जुरोंग ईस्टच्या या काँडोत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायच्या. मूळच्या अमेरिकेतल्या, लुइझियानाच्या. दोघींचं बोलणं अर्थातच इंग्रजीत.

“प्रीस्कूलच्या टीचर म्हणाल्या, तो फार कमी बोलतो. काही महिने घरात फक्त इंग्लिश ठेवा.” राधिकाने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. “आज चौथा दिवस. आता घरातही गप्पच असतो. पण पहिलीत मागे पडला तर?”

मिसेस ब्रूसारनी एक बिस्किट घेतलं.

“आम्ही केजन. पावणेतीनशे वर्षांपूर्वी आताच्या कॅनडातून हाकललेले फ्रेंच. शाळेत फ्रेंच बोलली म्हणून माझी आई पट्ट्या खायची. पुढे सरकारलाच उपरती झाली. मी दहा-अकरा वर्षांची असताना राज्याने फ्रेंच वाचवायला खास मंडळ काढलं. मग कोर्टाने सांगितलं, केजन म्हणून कुणाला कामावर छळायचं नाही. आता तर निवडणुकीत पुढारी दोन वाक्यं पाठ करून येतात. उच्चार ऐकवत नाहीत म्हणे.”

राधिकाला हसू आलं.

“म्हणे?”

“मला कुठे कळतंय. मला फ्रेंच येतच नाही.”

“शाळेमुळे?”

“शाळेने मला कधी हात लावला नाही. आईनेच घरात फ्रेंच बंद केलं. आम्हाला मार बसू नये म्हणून. फार जपायची ती आम्हाला.” त्यांनी मांडीवरचा चुरा वेचून बशीत टाकला. “गेली तेव्हा शेवटचे दोन दिवस फ्रेंचच बोलत होती. नर्स विचारायची, काय म्हणतायत? मी सांगायचे, पाणी मागत असेल.”

राधिकाने चहा ओतायला किटली उचलली आणि तशीच खाली ठेवली.

मुकुल चाक निखळलेली खेळण्यातली बस घेऊन बाहेर आला.

“मम्मी, बस स्पॉइल ऑलरेडी.”

“बघू. कशी मोडली? सगळं सांग मला,” राधिका मराठीत म्हणाली.

त्याने नकारार्थी मान हलवली.

“इंग्लिश, मम्मी. टीचर सेड.”

“मला कुठे नीट येतं,” ती म्हणाली आणि सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.