'वोन्ट'वरची चीर

जिभेखालची लवंग अजून चुरचुरत होती. आज गायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. तरी बेडोकच्या घरातून निघताना संजीवनीच्या हाताने डबी उघडून एक लवंग तोंडात टाकलीच. गाणं सुटून कितीतरी वर्षं झाली होती, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं बहुतेक…

"लावू, काकू?" विक्रांतने विचारलं.

तिने मान हलवली आणि हेडफोन कानांवर सारखे केले. विक्रांत पुण्याचा, तिशीतला, आदबशीर. वन-नॉर्थच्या या काचेच्या इमारतीत जुनी रेकॉर्डिंग्ज स्वच्छ करून पुन्हा बाजारात आणायचं काम त्याची कंपनी करते. लंडनच्या कुणा संग्राहकाला तिची एकुलती एक रेकॉर्ड जुन्या सामानात सापडली, त्याने ती लोकांना ऐकवली, आणि एकाएकी 'नॉट युअर संडे' हा सोल संगीताचा क्लासिक अल्बम ठरला. क्लासिक! जो निघाला तेव्हा दुकानदार गठ्ठे परत पाठवत होते, तो.

कानात पियानो सुरू झाला. आयरीन… शेजारच्या ब्लॉकमधली युरेशियन आयरीन, जिने लिफ्टजवळ संजीवनीला गुणगुणताना ऐकलं आणि हात धरून घरी नेऊन रेकॉर्डमागून रेकॉर्ड ऐकवली. आपला आवाज घोगरा आहे, जाड आहे, भावगीताला शोभत नाही, हे माहेरी सगळ्यांनी मायेने सांगितलेलं. आणि इथे, लग्न होऊन आलेल्या या परक्या बेटावर, एक बाई म्हणत होती की या आवाजाला जागा आहे, फक्त तू ती चुकीच्या घरात शोधत होतीस. मग ऑर्चर्ड रोडवरच्या हॉटेलातला शनिवार. काळा ब्लाऊज, केसांत काही नाही, आणि समोर कुणाचंही नात्यातलं तोंड नाही. तो शनिवार माझा होता. रविवारी मराठी मंडळात साबुदाण्याची खिचडी वाढताना बायका हळूच विचारायच्या, "हॉटेलात गाता म्हणे?" आणि मी म्हणायचे, "हो. तुम्ही या ना." एकही आली नाही. अल्बमचं नाव त्यातूनच आलं.

पहिली तीन गाणी सुरेख उतरली होती. इतका स्पष्ट तिचा आवाज तिने स्वतःही कधी ऐकला नव्हता. ही तिशीची बाई कोण — किती खात्रीने श्वास घेते! मग चौथं. त्या गाण्यातली बाई दारात उभी आहे आणि मी थांबणार नाही म्हणतेय, एवढंच. 'आय वोन्ट स्टे.' शेवटच्या वेळी ती ओळ आली… आणि गेली. गुळगुळीत. इस्त्री केल्यासारखी.

संजीवनीने हेडफोन काढले.

"इथे आवाज फाटला होता."

"हो, 'वोन्ट'वर. आता कळतसुद्धा नाही, बघा ना!" विक्रांत खूश होता. "मनोहरकाकांनीच फोन करून सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्हाला सर्दी होती, तेवढं दुरुस्त करा म्हणून."

सर्दी.

खाली कॉफी पीत बसलेला मनोहर तिला दिसू लागला — निवृत्त झाल्यापासून मऊ झालेला, बँकेतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर अल्बमचं चित्र टाकून अभिनंदनं गोळा करणारा, आपल्या बायकोच्या आवाजातला डाग आपण काढवून घेतला या समाधानात असलेला मनोहर. त्याने खरंच मनापासून केलं असणार. आणि तेच तर…

ती सकाळ. टोस्टला लोणी लावता लावता, वर न बघता, तो म्हणाला होता, "हे एवढं रेकॉर्डिंग झालं की बास हं आता." विचारलं नव्हतं. भांडणही नव्हतं. उद्या गॅसवाला येणार आहे, असं सांगावं तसं. आणि ती "बरं" म्हणाली होती. बसने स्टुडिओत गेली. घसा अगदी स्वच्छ होता. सर्दी कसली, कधी नव्हे इतका मोकळा होता. तीन गाणी झाली, चौथं संपत आलं, आणि त्या शब्दावर कुणी मांजरपाट टरकन फाडावा तसा आवाज फाटला. ध्वनिमुद्रक पुन्हा घेऊ म्हणाला. आयरीनने पियानोवरचे हात उचललेच नाहीत. "डोन्ट यू डेअर फिक्स दॅट," एवढं ती म्हणाली, आणि ते तसंच राहिलं.

लोक लिहितात, विरहाने फुटलेला आवाज. लिहू देत. दुःख नव्हतंच ते. सकाळी जे म्हणायचं होतं ते मी तिथे म्हणाले, परक्या भाषेत, दुपारच्या वेळी, एका काचेसमोर. घरी येऊन पुन्हा 'बरं'च म्हणाले, पुढची सगळी वर्षं 'बरं'च म्हणत राहिले, हिंडलेफिरले, मुलं वाढवली, हसले — सुखातही होते, खोटं का बोला. पण आख्ख्या आयुष्यात मी नाही म्हटल्याचा पुरावा असेल तर तो एवढाच. आणि यांनी तो पुसून वर संमतीची सही करायला माझ्या हातात पेन दिलंय.

"ते परत घाल," ती म्हणाली.

"काकू, लंडनच्या ऑफिसने हेच पास केलंय. आता बदलायचं म्हणजे…" विक्रांत अडखळला. "कदाचित ते अख्खा अल्बमच बाजूला ठेवतील. असे किती अल्बम रांगेत आहेत. पुन्हा विचारणारही नाहीत."

"मग नको विचारू देत."

"मी काकांशी बोलू का?"

"गायले मी होते, विक्रांत." आवाज चढला नव्हता. उलट खाली उतरला होता, पोटापर्यंत, आणि तिथे भक्कम उभा होता. "सर्दी नव्हती मला. मुद्दाम फाडला नव्हता, पण फाटला तो बरोबर फाटला. तो ठेवणार असाल तर सही करेन. नाहीतर ती रेकॉर्ड परत कुणाच्या अडगळीत गेली तरी चालेल. तशी ती धडधाकट आहे."

विक्रांत पडद्याकडे वळला. मग त्याने जुनं, न धुतलेलं रेकॉर्डिंग शोधलं आणि तो शब्द ऐकला. एकदाच. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले तिला दिसले.

"विचारतो त्यांना," तो म्हणाला. "काय म्हणतील सांगता येत नाही."

परतीच्या एमआरटी मेट्रोत, बोना व्हिस्टा स्टेशनला गाडी बदलल्यावर, बसायला जागा मिळाली. "झालं ना ठीक?" मनोहरने विचारलं.

"नाही. ती जागा होती तशीच हवी म्हटलं मी. नाहीतर अल्बम नको."

"अगं, पण का? सर्दीनेच तर…"

"मला सर्दी नव्हती."

टोस्ट, लोणी, ते वाक्य — काही काही आठवत नव्हतं त्याला, हे स्वच्छ दिसत होतं. ते दिसलं की आपल्याला रडू कोसळेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आता दिसलं, आणि काहीच कोसळलं नाही. सांगेन कधीतरी. किंवा नाही सांगणार. त्याला आठवावं म्हणून काही ती गायली नव्हती.

खिडकीबाहेर ब्लॉकमागून ब्लॉक सरकत होते, वाळत घातलेल्या कपड्यांच्या काठ्या बाहेर काढलेले. तिच्या घशात काहीतरी हललं. सूर होता, खालचा, जाड. पूर्वीच्या तिच्या पट्टीच्याही खालचा. अल्बममधलं गाणं नव्हतं. कुठलंच नव्हतं. समोरच्या मुलीने फोनमधून मान वर केली.

"संजू, लोक बघतायत," मनोहर कुजबुजला.

पूर्वी एवढ्यानेही ती थांबली असती. तिने त्याच्याकडे बघितलं, रागाने नव्हे, आणि पुढचा सूर घेतला. तो कुठे जाणार हे तिला माहीत नव्हतं. मग त्याच्या पुढचा.