तेलटाकीचं झबलं

बेंगळुरातल्या एका सरकारी कचेरीत चंद्रकांत ड्राफ्ट्समननं बत्तीस वर्षं रेघा ओढल्या. दुसऱ्यांच्या टेबलांवरचे पूल नि धरणं यथावकाश जमिनीवर उतरली. याचे नकाशे कपाटात झोपले. निवृत्तीआधी आपण काढलेली एक तरी वस्तू हातानं चाचपता यावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

पंचावन्न साली त्याच्या वाट्याला बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठचं वीजघर आलं, तेही तेलावर चालणारं. त्याची साठ फुटी गोल टाकी त्यानं ट्रेसिंगच्या निळसर कापडावर अशी रेखली, जशी नवरीच्या कपाळी चंद्रकोर. छप्पन्न साली तिकडं सुवेझचा कालवा बंद झाला, तेलाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि इकडं विद्याधर साहेब वर्तमानपत्र हातात घेऊन त्याच्या टेबलाशी आले.

"चंद्रकांत, टाकी रद्द. कोळशाचं आवार काढा."

"कायमचं का, साहेब?"

"अहो, धोरण आहे! धोरण कायमचंच असतं."

रद्द नकाशे घरी न्यायची मुभा होती. ते कापड मूळचं मलमलीसारखं तलम. सोड्यात उकळलं की शाई नि कांजी दोन्ही उतरायची. कचेरीतल्या निम्म्या लोकांची पोरं धरणं नि पूल अंगात घालून रांगली. वसुमतीनंही नवऱ्याची टाकी उकळली आणि नयनाच्या, म्हणजे लेकीच्या, बाळाला चार झबली शिवली.

साठ साली वारं फिरलं. कोळसा आणायला रेल्वेच्या वाघिणी मिळेनात, आणि जगात तेल इतकं उतू गेलं की विकणारे दारोदार हिंडू लागले. साहेब पुन्हा वर्तमानपत्र घेऊन हजर.

"ती जुनी टाकी बाहेर काढा बरं. सोमवारी वर पाठवायचीय."

चंद्रकांत घामाघूम होऊन घरी आला. "अगं, टाकी कुठाय?"

"दोन झबली फाटली, एकाचं पायपुसणं झालं, एक भांडीवालीला दिलं."

"दिलंस?"

"अहो, रद्दचा शिक्का होता ना त्यावर? तुमच्या सरकारात रद्द म्हणजे जपून ठेवा, हे मला कुणी सांगितलं होतं?"

"आता साहेबांना दाखवू काय?"

"बाळाला न्या. त्याच्या अंगावर वर्षभर होती टाकी. तुमच्या त्या जमिनीवर एक दिवस तरी होती का?"

तो खाली मान घालून बसला आणि चार दिवसांत आठवणीतून सगळी टाकी पुन्हा उतरवली. जात्यावर बसलेल्या बाईला ओवी आठवावी लागत नाही, तसा त्याला एकही आकडा आठवावा लागला नाही.

सोमवारी वर गेलेला नकाशा सात वर्षं वरच राहिला. सदुसष्ट साली मंजूर होऊन उतरला, टाकीचं गोल काँक्रीटचं जोतं झालं, आणि जूनमध्ये कालवा पुन्हा बंद! टाकीचं पोलाद आलंच नाही. डिसेंबरात चंद्रकांतला हार, नारळ आणि टेबलावरचं घड्याळ मिळालं. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "यांचं काम पायाभूत आहे." खरंच होतं ते. पायाच्या वर काही गेलंच नव्हतं.

जानेवारीत तो एकटाच बसनं, मग पायी, तळ्याकाठी गेला. लांबूनच गाणं ऐकू आलं.

*गोल बाई माझं खळं, जसा पुनवेचा चांद*
*रास नाचणीची उभी, तिचा तांबडा गं बांध*

त्याच्या जोत्यावर बैल फिरत होते. खणकामाला निपाणीकडून आलेली आणि काम थांबल्यावर इथल्याच शेतांत राबणारी गंगव्वा कणसं पसरत होती.

"चपला काढ, अण्णा! खळं हाय."

त्यानं चपला काढल्या, वाकून काँक्रीटवर तळवा टेकवला. ऊन शोषून ते ऊबदार झालं होतं.

"लई झ्याक हाय," गंगव्वा सांगू लागली. "मधे उंच, कडंला उतार. पाण्याचा थेंब ठरत न्हाई. ज्यानं काढलं त्याला अक्कल हुती बघ."

"स्वल्प होती," चंद्रकांत म्हणाला.

"तू कचेरीतला दिसतोस. तेल सवंग झालं की टाकी बशिवणार म्हंत्यात इथं. खरं काय?"

बारा वर्षं रोज सकाळी चंद्रकांत वर्तमानपत्रात तेलाचा भाव उतरला का, ते शोधत आला होता. त्यानं फिरणाऱ्या बैलांकडं पाहिलं, लाल राशीकडं पाहिलं.

"महागच राहू दे," तो पुटपुटला, आणि पायाशी सांडलेले दाणे राशीकडं लोटू लागला.