उंदराला एक, माणसाला दोन

कान – एवढासा, चिंचोक्याहूनही लहान, उन्हाकडे धरल्यासारखा आरपार गुलाबी, आणि त्यातून गेलेली एक बारीक लाल रेघ... पिंजऱ्याच्या तारेला नाक लावून बसलेल्या उंदराकडे राधिका किती वेळ बघत होती, तिचं तिलाच कळलं नाही. प्रयोगशाळेतले तिचे उंदीर पांढरेशुभ्र. हा मळ्यातला, मातकट, टोमॅटोच्या क्रेटांमागे सापडलेला. पण ती लाल रेघ तीच.

"काय पाहून राह्यली वं त्याच्याकडं?" मेथीच्या जुड्या बांधता बांधता आई म्हणाली. "वावराच्या धुऱ्यावर सोडून ये त्याले. का त्याचीबी परीक्षा घेतं?"

आईच्या थट्टेत आज जीव नव्हता. एरवी राधिका पुण्याहून आली की घरभर 'उंदीरवाली आली, उंदीरवाली आली' चालायचं. ती उंदराचं आणि माणसाचं एक जनुक शेजारी ठेवून ताडून पाहते, रक्ताचा गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणारं जनुक, हे तिने सगळ्यांना कितीदा सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी प्रत्येक वेळी माना डोलावल्या होत्या. सांगायला तसं सोपंच आहे. उंदराकडे ते एकच. माणसाकडे दोन – फार मागे कधीतरी एकाची नक्कल झाली आणि ती शेजारीच राहून गेली. काही माणसांत ती नक्कल गळाली, ती निगेटिव्ह. त्या जनुकावरून घडणारं प्रथिन तांबड्या पेशीच्या पापुद्र्यातून बारा वेळा आरपार जातं, गोधडीतल्या दोऱ्यासारखं, उंदरातही आणि माणसातही. दोन्ही धागे एकाखाली एक मांडून मी दुवा दुवा जुळवला आहे. शंभरात साठेक ठिकाणी जुळतात. न जुळणाऱ्या चाळीस जागांवर माझा प्रबंध उभा आहे, आणि सर म्हणतात, फार सुरेख काम आहे...

आणि इथे बाजेवर पाय लांब करून वहिनी बसली आहे, सातवा महिना, सुजलेली पावलं – मंजुषावहिनी निगेटिव्ह, गजेंद्रदादा पॉझिटिव्ह, पोटातलं बाळ दादावर गेलेलं. आईचं रक्त त्या प्रथिनाला परकं समजून बाळाच्या पेशी फोडतंय. आत्ता, ही जुडी बांधली जातेय तेव्हाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळाचं रक्त पातळ होत चाललंय. नागपूरला न्या, पोटातल्या पोटात रक्त चढवतील, बाळाने सोसलं तर. उद्या निघायचं. दादा मंगरूळपीरच्या बाजारात मेथी टाकून गाडीचं बोलायला गेला होता.

उंदरीला हे होत नाही. सगळ्यांकडे एकच, सारखंच. आपलं पिल्लू परकं वाटायला तिच्या रक्तात जागाच नाही.

अकोल्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी कधी दिवस गेले होते का? आईने ठामपणे सांगितलं, "नाई जी, पयलंच हाय." सगळीकडे तिने हेच सांगितलं. पाचवा लागेपर्यंत उच्चारायचं नाही आणि त्याआधी गेलं तर ते धरायचं नाही, ही घरची रीत, मावश्यांची, आत्यांची, सगळ्या गोताची. दोन वर्षांपूर्वी वहिनीचं चौथ्यात गेलेलं मूल त्या रीतीने झालंच नव्हतं. दवाखाना नाही, काही नाही. तेव्हा लगेच एक इंजेक्शन दिलं असतं तर वहिनीच्या रक्ताने हे वैर धरलंच नसतं... ते मूल गेल्याचं मला काल कळलं. तेव्हा कुणी फोनवर सांगितलंही नाही, आणि का सांगावं? लग्न न झालेली, शिकणारी पोरगी मी.

तिला आईचा राग आला होता, सणकून. पण सुनेला कुणी 'हिचं पोट टिकत नाही' म्हणू नये म्हणून तर आईने तोंड शिवलं होतं. मायेपोटी केलेल्यावर चिडायचं तरी कसं?

"ताई," वहिनीने एकदम विचारलं, "उंदराले होते काय असं?"

"नाही होत."

"मंग उंदरीनच बरी की माह्यापेक्षा," म्हणून ती हसली, आईही हसली. मग त्याच आवाजात, पाय चोळत – "ते पयलं गेलं तवा दवाखान्यात गेलो असतो, तर आज हे टळलं असतं काय?"

आईचे हात मेथीवर थांबले.

हो. एवढंच उत्तर होतं, प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं. नागपूरच्या डॉक्टरांना ती उद्या खरं सांगणारच होती, त्याने उपचार बदलणार नव्हता. पण इथे, या दोघींसमोर...

"नाही वहिनी. काही फरक पडला नसता."

आईने खाली मान घालून जुडीला गाठ मारली, दुसरी घेतली, मग ती तशीच टाकून पदर डोळ्यांना लावत विहिरीकडे निघून गेली.

ती दूर गेलेली पाहून वहिनी हळूच म्हणाली, "मले ठाऊक हाये, ताई. अकोल्याच्या नर्सबाईले मी एकटीनं इचारलं होतं, तिनं सांगतलं. पण आत्याबाई आठ दिसापासून जेवून नाई राह्यल्या. म्हटलं, त्याईचा दोष नाई हे तुमच्या तोंडून आयकू द्या त्याईले. तुमी असंच सांगसान, वाटलंच मले."

खोटं बोलून आपण वहिनीला सांभाळलं, असं राधिकाला क्षणापूर्वी वाटलं होतं. वहिनीनेच सगळ्यांना सांभाळलं होतं, पोटात ते सगळं चालू असताना. तिला स्वतःची लाज वाटली, आणि वहिनीची इतकी माया आली की ती उठून बाजेवर तिच्याजवळ जाऊन बसली.

वहिनीने तिचा हात घेऊन पोटावर ठेवला. आत काहीतरी सरकलं, मंद, झोपेत कूस बदलावी तसं. ही हालचाल पुरेशी आहे की कमी – कशाशी ताडायचं हे?

"आता आपण दोघीच हाओ," वहिनी म्हणाली. "आता खरं सांगा. लेकरू हाती लागन काय?"

राधिकाने पोटावरचा हात तसाच ठेवला. मघाशी निदान लपवायला काहीतरी होतं. आता तिला काहीच माहीत नव्हतं, आणि वहिनी वाट बघत होती.