तिसऱ्या कैचीखाली

रेघ तुटली होती. पानेमामांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि बॅटरीचा उजेड जवळ नेला. रेघ तुटलेलीच होती.

ते क्रीडागृहाच्या छपराखालच्या अरुंद लोखंडी फळीवर पालथे पडले होते. छप्पर पेलणाऱ्या बारा लोखंडी कैच्यांचे नट ते वर्षातून एकदा आवळत, आणि नट व खालची पट्टी यांच्यावरून तांबड्या रंगाची एकच सरळ रेघ ओढत. नट जराही फिरला की रेघ दुभंगते, एवढी साधी युक्ती. तिसऱ्या कैचीवरच्या नऊ रेघा दुभंगल्या होत्या. एका नटाला त्यांनी पाना लावून पाहिला. तो आवळेचना, नुसता गरगर फिरत राहिला. मामांच्या पोटात गोळा आला.

आता मामांच्या पोटात गोळा येणं ही काही बातमी नव्हे. ते लिफ्टला भीत, कुत्र्याला भीत, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भीत आणि साहेबाला तर सर्वांत जास्त. अकरा वर्षांपूर्वी मुष्टियुद्धाचा सामना ऐन रंगात असताना त्यांना छताला तडा दिसला. त्यांनी आरडाओरडा केला, दोन हजार माणसं बाहेर काढली गेली, आणि तडा म्हणजे पारव्याच्या विष्ठेचा ओघळ निघाला. तेव्हापासून येणारा-जाणारा विचारायचा, ‘‘काय मामा, पारवे काय म्हणतायत?’’ मामा हसून घ्यायचे. पण त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या भीतीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. भिणाऱ्या माणसाची ही मोठी पंचाईत असते.

ते शिडीवरून उतरले आणि थेट व्यवस्थापकांच्या खोलीत गेले.

‘‘मामा, मागच्याच वर्षी तपासणी झालीय. इंजिनिअरचा दाखला हा काय भिंतीवर लटकतोय.’’

‘‘साहेब, नऊ नट फिरलेत. एक तर धरतच नाहीये.’’

‘‘छत पडेल का? हो की नाही, तेवढं सांगा.’’

‘‘ते कसं सांगणार?’’

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. ‘‘मग असं करा. छत धोक्याचं आहे, कार्यक्रम थांबवावा, असं लिहा आणि खाली सही करा. लगेच थांबवतो. पण उद्या सगळं गाव अंगावर आलं तर तुमचं तुम्ही निस्तरायचं.’’

मामांनी जन्मात हजेरीपटाखेरीज कशावर सही केली नव्हती. ‘‘जरा येतो,’’ म्हणून ते बाहेर पडले.

खाली त्यांची लेक चौदा मुलींना ओळीने उभी करून त्यांचे केस घट्ट बांधत होती. याच क्रीडागृहाच्या एका कोपऱ्यात ती सहा वर्षं मुलींना कसरती शिकवत होती, आणि आज त्यांची निवड चाचणी होती. मामांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

‘‘खात्री आहे तुम्हाला, बाबा?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘भीती वाटतेय गं.’’

‘‘तुम्हाला कशाची वाटत नाही, बाबा?’’ ती रागावली नव्हती, हेच मामांना जास्त लागलं. ‘‘यातल्या पाच जणी पुढच्या वर्षी वयोगटात बसणार नाहीत. वर्षभर पहाटे उठून आल्यात पोरी. आजचा दिवस काही बोलू नका. तुमच्या पाया पडते.’’

दारं उघडली. आया, आज्या, शाळांचे घोळके आत लोटले. लाकडी पायऱ्यांवर पोरांनी ताल धरून पाय आपटायला सुरुवात केली आणि ती धडधड मामांच्या तळपायांतून छातीत शिरली. ते तिसऱ्या कैचीखाली येऊन उभे राहिले. सदऱ्याच्या बाहीवर गंजाचा चिमूटभर भुगा दिसला. सकाळी वर सरपटताना लागला असेल. नसेलही. वर बघवेना आणि वरून नजर काढवेना. समोर सर्वांत धाकटी मुलगी हातांना पांढरी पूड चोळत गादीच्या कडेला येऊन थांबली, आणि मामा वळून जवळजवळ धावतच खोलीत गेले.

सही इतकी वेडीवाकडी आली, की ती आपलीच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. व्यवस्थापकाने ती एकदा पाहिली आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला.

माणसं बाहेर पडली, पण शिव्या मोजत पडली. ‘‘पारव्यांनी पुन्हा घाण केली वाटतं!’’ कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मुली रडत होत्या. सगळं रिकामं झालं, तरी लेक मात्र आतच होती, एकेक गादी गुंडाळत. जाणूनबुजून सावकाश.

‘‘चल बाहेर,’’ मामा दारातून म्हणाले.

‘‘पडू दे की. बघू या तरी.’’

मामा आत गेले, त्याच कैचीखाली जाऊन तिच्याशेजारी उभे राहिले. त्यांचे दात वाजत होते आणि ते तिला ऐकू येत असणार. ‘‘तू येत नाहीस तोवर मीही इथंच,’’ ते म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, हातातली गादी टाकली आणि बाहेर गेली.

छत पडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिना झाला तरी नाही. क्रीडागृहाला मात्र कुलूप लागलं. शहराच्या मधोमध असलेली ती एकच जागा होती, जिथे लग्नं लागत, परीक्षा होत, रक्तदान होई. पुराच्या वर्षी चारशे कुटुंबं तिथेच राहिली होती. आता ठरलेली लग्नं दुसरीकडे हलवावी लागली, मोडली नाहीत एवढंच. धंदा बसलेला समोरचा सोडावाला मामांना पाहून तोंड फिरवू लागला. तपासणीला आलेल्या इंजिनिअर बाईंना मामांनी हात जोडून विचारलं, ‘‘बाई, पडलं असतं का हो?’’

‘‘त्या दिवशीच पडलं असतं, नाहीतर आणखी दहा वर्षं टिकलं असतं. खरं सांगू? कोणालाच सांगता येणार नाही.’’

मामा रोज सकाळी समोरच्या फुटपाथवर जाऊन छपराकडे बघत. रिकामं आहे, आता पडायला हरकत नाही, असं त्यांच्या मनात येई. आणि आपण हे काय मागतोय, या विचाराने अंगावर काटा येई. लेक घरात त्यांना ताट वाढे, पाणी देई. बोलत नसे.

एका दुपारी तिने दारात चपला घालता घालता म्हटलं, ‘‘पाना घेऊन चला माझ्याबरोबर.’’

तिने मुलींसाठी एका बंद पडलेल्या गोदामाचा अर्धा भाग मिळवला होता. जमिनीवर जुन्या गाद्या होत्या आणि दोन खांबांमध्ये आडवा लोखंडी दांडा बसवला होता. नऊ मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाच जणी आल्याच नव्हत्या.

‘‘बसवणारा म्हणतो, हत्ती लटकला तरी हलायचा नाही,’’ लेक म्हणाली. ‘‘पण तुम्ही बघितल्याशिवाय एकीलाही हात लावू देणार नाही मी.’’

मामांनी एकेक नट पाहिला, आवळला, पुन्हा पाहिला. पाऊण तास गेला. मुली चुळबुळत होत्या, पण हसलं कोणी नाही. शेवटी मामांनी पाना खाली ठेवला आणि सदऱ्याला हात पुसले. त्यांनी दांडा घट्ट धरला, डोळे मिटले आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.