तिरका सरकलेला घोळका

आमच्या लॅबच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय: नातेवाइकाच्या नमुन्याला हात लावायचा नाही. तो नियम मीच लिहिला, माझ्याच ठळक अक्षरात, आणि त्या मंगळवारी मीच मोडला. आता कोणी म्हणेल, बाई गं, बावीस वर्षं नोकरी केलीस, तुला अक्कल नव्हती? नव्हती. त्या दिवशी तरी नव्हती.

नमुना माझ्या दिराचा होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याची गणितं मी तपासली, त्याच्या खोड्या सासूबाईंपासून मी लपवल्या. पुढे तो सुतार झाला, आणि असातसा नाही. त्याने केलेल्या कपाटाचं दार नुसतं बोटाने ढकललं की आवाज न करता लागायचं. चौतिसाव्या वर्षी त्याला रक्ताचा कर्करोग निघाला. दीड वर्ष उपचार चालले. रोग गेला, पण औषधांनी बोटांतली संवेदना नेली. खिळा हातात आहे की नाही ते त्याला बघून कळायचं. आता कुठे महिनाभरापासून थोडंथोडं जाणवायला लागलं होतं. आणि मागच्याच आठवड्यात मला एकटीला गाठून तो म्हणाला, "वहिनी, परत आला असेल तर मी ते औषध नाही घेणार. तुला म्हणून सांगून ठेवतो. दादाला बोलू नकोस."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "झालं बोलून? माझं ठरलंय."

म्हणून रोग परत आलाय का ते बघायला त्याचा बोनमॅरोचा, हाडातल्या मगजाचा, नमुना आला तेव्हा मला वाटलं, हा दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात, आणि कुठली प्रथिनं आहेत त्यावरून ती पेशी कोण ते कळतं. अँटीबॉडी एका ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटते, आणि तिला चमकणारा रंग बांधलेला असतो. अशा सात-आठ रंगांच्या अँटीबॉडी एका नळीत मिसळायच्या, त्या पेशींवर घालायच्या आणि पेशी यंत्रात सोडायच्या. तिथे त्या एकेक करून लेझरसमोरून जातात. कोण कुठल्या रंगात चमकलं ते यंत्र टिपतं आणि पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका पडतो.

हे काम आम्ही दोघं करतो. दुसरा शंकासुर. खरं नाव जाऊ दे, सगळी लॅब त्याला शंकासुरच म्हणते आणि तो बापडा ओ देतो. चाळिशीचा, टक्कल पडलेला, दोन मुलींचा बाप, आणि तोंडात कायम 'पण समजा'. पण समजा बाटली जुनी असेल तर? पण समजा नळ्या बदलल्या असतील तर? एकदा मी त्याला टिश्यूचा अख्खा डबा फेकून मारला होता. लागला नाही, पण माझा नेम असा कधी चुकत नाही.

"ताई, हा मी करतो," तो म्हणाला. "तुमच्या घरचा आहे ना?"

"तुला कोणी विचारलं?"

"नाही, पण भिंतीवर..."

"मला वाचता येतं. मीच लिहिलंय. हो बाजूला."

तो झाला बाजूला. मी सगळ्या अँटीबॉडींचं मिश्रण साध्या पारदर्शक नळीत केलं, आणि नळी टेबलावर ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. दीर. "वहिनी, आज कळेल?" मी बाहेर गेले. तो बोलला, मग जावेने फोन घेतला आणि ती रडायला लागली. तिची समजूत घालता घालता पाऊण तास कधी गेला कळलंच नाही. परत आले तर टेबलावर खिडकीतून ऊन आलं होतं. डोळ्यांवर आलं म्हणून मी खिडकीचा पडदा ओढला आणि कामाला लागले. नळीकडे माझं लक्षच गेलं नाही.

दुपारी दोनला पडद्यावर ठिपके पडायला लागले. ज्या जातीच्या पेशींतून दिराचा रोग उठला होता, त्या जातीच्या पेशींवर नारिंगी चमक दिसायला लागली. ती चमक फक्त रोगट पेशींवर असायला हवी. एक ठिपका नाही, दोन नाही, घोळकाच्या घोळका. मी खुर्ची ओढून बसले. फोन वाजला, दिराचं नाव दिसलं, मी उचलला नाही. चारला डॉक्टर मॅडम अहवालावर सही करणार होत्या, आणि त्यानंतर काय होणार ते घरात मला एकटीलाच माहीत होतं.

शंकासुर मागे येऊन कधी उभा राहिला कोण जाणे.

"ताई, पण समजा..."

"एक शब्द बोलू नकोस!" मी ओरडले. शेजारच्या खोलीतून दोन डोकी डोकावली. "तुला इथेही शंका? तो जाणार आहे, समजतंय का तुला? औषध घेणार नाही तो, आणि जाणार आहे!"

"ओरडा तुम्ही," तो म्हणाला. आवाज मुळीच चढला नव्हता. "पण पडद्याकडे बघा. रोग आला तर थोड्या पेशी वेगळ्या निघून बाजूला दिसतात. इथे या जातीच्या सगळ्याच्या सगळ्या तिरक्या वर सरकल्यात. चांगली एकही खाली राहिली नाही. असं कधी होतं का?"

बावीस वर्षांत मी नव्या लोकांना हेच शिकवत आले होते. त्या दिवशी मला ते दिसत नव्हतं. मला फक्त दीर दिसत होता.

"तुमचं मिश्रण उरलंय ना थोडं?" त्याने बाही वर केली. "घ्या माझं रक्त. मी तर ठणठणीत आहे."

मी त्याचं रक्त काढलं. सुई दोनदा चुकली. त्याने दुसरा हात पुढे केला. त्याच्या पेशींवर मी माझं मिश्रण घातलं, अर्धा तास थांबलो, नमुना यंत्रात सोडला. आणि पडद्यावर तोच घोळका, तसाच नारिंगी, तसाच तिरका सरकलेला.

"अरेरे," शंकासुर म्हणाला. "मलाही कर्करोग झाला की, ताई."

मी हसले का रडले मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

चूक एवढीशीच होती. त्या जातीच्या सगळ्याच पेशींना चिकटणाऱ्या आमच्या एका अँटीबॉडीला एकमेकांना जोडलेले दोन रंग असतात. पहिला रंग लेझरचा उजेड घेतो आणि दुसऱ्याला देतो. चमकतो तो दुसरा. पण उन्हात ही जोडी तुटते, आणि मग पहिला स्वतःच चमकतो, नारिंगी. म्हणून ती बाटली आम्ही अंधारात जपतो, नळीला चांदीचा कागद गुंडाळतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे सांगायचं काम माझंच आहे. आणि मी ती नळी पाऊण तास उन्हात शेकत ठेवली होती.

त्यानंतर मी कशालाच हात लावला नाही. दिराचा उरलेला नमुना शंकासुराने घेतला, ताजं मिश्रण केलं, कागद गुंडाळला. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, रागावायलाच हवं होतं. मग त्यांनी सहीसाठी पाच वाजेपर्यंत वाट बघितली. पाच लाख पेशी यंत्रातून गेल्या. रोगाची एकही नाही. शंकासुराने तपासलं, मॅडमनी तपासलं, आणि मला लांबून बघू दिलं.

संध्याकाळी मी फोन न करता थेट दिराच्या कारखान्यात गेले. तो एका फळीला टेकून बसला होता, चेहरा उतरलेला. दुपारी मी फोन उचलला नाही तेव्हाच तो काय ते धरून चालला होता.

"काही नाहीये तुला," मी दारातूनच सांगितलं. "एकही पेशी नाही." आणि पुढचंही सांगितलं, लपवलं नाही. नियम मोडला, नळी उन्हात राहिली, आणि शंकासुर नसता तर मी माझ्या हाताने खोटा अहवाल पाठवला असता. "तू औषध नाकारलं असतंस, आणि आपण सगळे नसलेल्या रोगाने तू जायची वाट बघत बसलो असतो."

त्याने फळी बाजूला सरकवली. मग विचारलं, "त्या माणसाला मुलं आहेत?"

"दोन मुली आहेत."

"अभ्यासाला टेबलं आहेत त्यांना?"

"मला काय माहीत!"

"करून देतो. दोघींना दोन." त्याने बोटं उघडली, मिटली. "हे हात असे. वेळ लागेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण वेळ आहे ना आता, वहिनी."

उंची हवी होती त्याला मुलींची. मी तिथूनच फोन लावला.

"तुझ्या मुली किती उंच आहेत?"

"का हो, ताई?" शंकासुर गोंधळला. "काय झालं? परत काही..."

एरवी मी खेकसले असते. त्या दिवशी म्हटलं, "अरे, तुझ्यामुळे माझा दीर..." आणि पुढे मला बोलताच आलं नाही. दिराने माझ्या हातातून फोन घेतला, आणि त्यालाही आलं नाही.